एक्स्ट्रा पाव

रविवारी मिसळ खायची असेल तर साडेआठच्या आत दुकानात पोचावं. उशीर झाला तर वहीत नाव लिहून फुटपाथवर थांबावं लागतं, आणि आतून कटाचा वास येत असताना वीस मिनिटं बाहेर उभं राहणं हा निव्वळ छळ असतो. कॉलेजपासूनचे आम्ही पाच जण महिन्यातून एकदा असे जमतो. टेबल चौघांचं असतं, पाचव्यासाठी स्टूल ओढलं जातं. फारच गर्दी असली तर टेबलाच्या कोपऱ्यावर एखादा अनोळखी माणूसही येऊन बसतो, आपली मिसळ खातो, लिंबाची उरलेली फोड आमच्याकडे सरकवतो आणि निघून जातो. वेटर “पाव की स्लाइस?” एवढंच विचारतो. सॅम्पलचं भांडं फिरतं. मग आमच्यातलं कोणीतरी ओरडतं, “दादा, एक्स्ट्रा पाव!” पावांची थाळी टेबलाच्या मधोमध येते आणि तिच्यावर एकदम पाच हात पडतात.

परवा त्या थाळीकडे बघताना मला हसू आलं. हाच पाव खाण्यासाठी आपल्याकडची चांगली शिकलेली माणसं एके काळी दाराला कडी लावून बसत.

ही गोष्ट मुंबईची. 1849 मध्ये तिथे परमहंस सभा नावाची एक गुप्त मंडळी निघाली. पुढाकार घेणाऱ्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते, मराठीचं व्याकरण लिहिणारे तेच. जातिभेद मोडायचा हा सभेचा हेतू, पण तो मोडल्याचं घरी कळता कामा नये ही अडचण. सभेत येणाऱ्या नव्या माणसाची परीक्षा साधी होती. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. भाषण करायची किंवा पोथी जाळायची गरज नव्हती. एक घास आणि एक घोट पुरे होता, कारण तेवढ्याने माणूस बाटतो असं बाहेरचा अख्खा समाज मानत होता. 1860 च्या सुमाराला सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा पाहता पाहता विरून गेली. त्या लोकांना भित्रे म्हणणं सोपं आहे. मला मात्र त्यांची भीती अगदी समजते. वाळीत पडलेल्या घरी लग्नाला भटजी येत नसे आणि मयताला खांदेकरी मिळत नसत.

पावच का, यालाही कारण आहे. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा आणि पदार्थही त्यांच्याबरोबरच आलेला. गोव्यात तो भाजणारे पोदेर ख्रिस्ती. पीठ फुगवायला त्यांनी माडाची सूर वापरली, म्हणजे त्यात मादक पदार्थही आला. वर परक्या हाताने पाणी घालून मळलेलं पीठ. विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याच्या कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात. खऱ्याखोट्याचा भाग बाजूला ठेवला तरी पावाची दहशत किती होती ते त्यांवरून कळतं. माझ्या आजीच्या घरी पाव यायचा तो फक्त कोणाला ताप आला तर, तोही दुधात बुडवून द्यायला. डॉक्टरने सांगितलंय असं म्हटलं की त्याचा दोष जायचा. ताप उतरला की उरलेला पाव गाईला.

एकत्र जेवण्याचं आपल्याकडचं मूळ रूप म्हणजे पंगत, आणि पंगत ही मोठी देखणी गोष्ट आहे हे आधी कबूल करते. केळीचं पान, शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, म्हणजे जे जे चवीपुरतं लागतं ते. उजवीकडे भाज्या आणि आमटी, म्हणजे जे पुन्हा पुन्हा घ्यायचं ते. मध्ये भाताची मूद, वर वरण आणि तुपाची धार. वाढपी वाकून चालतो आणि एका ओळीतल्या पन्नास पानांवर मीठ त्याच जागी पडतं. शेवटच्या माणसाचा ताकभात होईपर्यंत पहिल्याने उठायचं नाही, हा नियम तर मला फारच आवडतो. भराभर जेवणाऱ्याला त्यामुळे शेजाऱ्याशी चार शब्द बोलावेच लागतात.

पण या पंगतीत कोणी कोणाशेजारी बसायचं हे पान मांडायच्या आधीच ठरलेलं असायचं. आपली भाषाच त्याची साक्ष देते. ज्याला ओळीत बसता येत नाही तो अपांक्तेय. एकाच ओळीत एकाला साजूक तूप आणि दुसऱ्याला नुसतं वरण वाढलं की तो पंक्तिप्रपंच. ज्यांच्याशी जेवणाचा आणि लग्नाचा संबंध जुळतो त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार. गुन्हा माफ झालेल्या माणसाला पुन्हा जातीत घ्यायचं म्हणजे त्याला पंगतीला बसवायचं. ‘अपांक्तेय’ हा शब्द आज आपण मागे पडलेल्या लेखकांसाठी आणि विसरलेल्या साहित्यप्रकारांसाठी सर्रास वापरतो. मुळात तो पानावरून उठवलेल्या माणसाचा आहे, हे लिहिताना कोणाच्या लक्षातही राहत नाही.

पावाचं झालं, तसंच चहाचं. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावणं गेलं. भाषण झालं आणि नंतर चहा-बिस्किटं फिरली. पाहुण्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते. कोणी चहा प्यायलं, कोणी कप नुसता हातात धरला. या सगळ्यामागे गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. हा विक्षिप्त माणूस गंमत बघायला बसला होता. त्याने कोण कोण हजर होतं त्यांची नावं छापून आणली आणि पुणं पेटलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशीला शास्त्री नेमले गेले, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यावरून त्यांचे स्नेहीच त्यांच्यावर नाराज झाले. एक कप चहा, आणि देशाचं राजकारण ज्यांच्याभोवती फिरायचं ती माणसं दोन वर्षं त्याचा खुलासा करत बसली! आज त्याच पुण्यात “चल, चहा मारू” हे वाक्य दिवसातून किती वेळा कानावर पडतं, त्याची मोजदाद नाही.

माझं माहेर कोल्हापूरचं, म्हणून पुढची हकिकत मी लहानपणापासून ऐकत आले. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते, तेव्हाच्या भाषेत अस्पृश्य. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून इतर नोकरांनी त्यांना मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून चहाचं हॉटेल काढायला मदत दिली. हॉटेल चकचकीत, चहा उत्तम, पण गिऱ्हाईक येईना. मग महाराजांनी एक युक्ती केली. फेरफटक्याला निघाले की त्यांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, गंगारामांच्या दुकानापुढे थांबायचा. महाराज स्वतः चहा मागवायचे आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजायचे. छत्रपतींच्या समोर कप परत करायची हिंमत कोणाची होणार? शाहू महाराजांनी वटहुकूमही काढले. सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखान्यांत शिवाशीव पाळायची नाही हा त्यांचा हुकूम 1919 चा. तरी कोल्हापूरच्या कट्ट्यावर आजही सांगितला जातो तो हुकूम नव्हे, गंगारामांचा चहा.

त्याच 1919 साली कऱ्हाडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वयंपाकाची कामं एकत्र करायची आणि एका ओळीत जेवायची. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहाला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळालं. यातली मला सगळ्यात जवळची वाटते ती भाऊरावांची पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेली ही बाई या पोरांची आई झाली. एकदा कोठारात दाणा उरला नाही, पोरं उपाशी राहणार असं दिसलं, तेव्हा तिने गळ्यातलं मंगळसूत्र मोडून धान्य आणलं. समतेचा विचार पुस्तकांतून पोचत असेल, पण त्या पोरांपर्यंत तो भाकरीबरोबर पोचला.

शहरांत मात्र सगळ्यांना एकत्र जेवायला बसवण्याचं हे काम कोणी ठरवून केलं नाही. तिथे ते पोटाने करवून घेतलं. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहायचे. एक पाळी कामाला गेली की दुसरी झोपायची. त्यांचं जेवण खानावळवालीकडे. ही बहुधा त्याच चाळीतली बाई, एखाद्या कामगाराची बायको नाहीतर विधवा, जिच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं दोन वेळ जेवून जात. पैसे पगार झाल्यावर. संप झाला तर उधारी, आणि उधारी वाढली तर तिचेच दागिने सावकाराकडे. सुरुवातीला जो तो आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या बाईकडेच जायचा हे खरं आहे. खानावळींच्या पाट्यांवरही जाती सरळ लिहिलेल्या असायच्या, आणि काहींवर अजून असतात. पण पाळी सुटल्यावर भुकेल्या माणसाला जवळची खानावळ दिसते, आणि तिथे शेजारी कोण बसलाय याची चौकशी हळूहळू मागे पडते. या बायकांकडे बाहेरच्या कोणाचं नीट लक्ष गेलं ते 1975 मध्ये. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून खानावळवाल्यांना बँकेची कर्जं मिळवून द्यायला सुरुवात केली. पुढे 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांच्या कहाण्या लिहिल्या गेल्या, त्यांना जेवू घालणाऱ्यांच्या फारशा नाहीत.

आणि नाक्यावर इराणी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या याझ्द आणि केरमान भागांतून आलेल्या या लोकांनी कोपऱ्याचे गाळे घेतले. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून स्थानिक व्यापारी ती टाळत, असं सांगतात. चहाच्या दुकानाला मात्र दोन रस्त्यांवर उघडणारी जागा म्हणजे चांदीच. धोबी तलावचं कयानी 1904 पासून उभं आहे. इराण्याकडचं संगमरवरी टेबल मला फार महत्त्वाचं वाटतं. ते फडक्याने एकदा पुसलं की आधी कोण बसलं होतं त्याचा माग राहत नाही. पाट धुवावा लागतो, पान टाकावं लागतं, जमीन सारवावी लागते. टेबल पुसलं की झालं. तिथे वकील, हमाल, कवी आणि सट्टेवाला एकाच टेबलावर बन-मस्का चहात बुडवून खात बसायचे. याच काळात रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळत होतं, हे आठवलं की त्या पुसलेल्या टेबलाची किंमत कळते.

स्वतंत्र भारताची राज्यघटना लिहिणाऱ्यांनाही ही गोष्ट किरकोळ वाटली नाही. मूलभूत हक्कांच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही. एवढ्या भारदस्त ग्रंथात हॉटेल आलं, कारण हॉटेलच्या दारात काय घडत होतं ते लिहिणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होतं. आणि त्याच घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांनी 1936 मध्येच बजावून ठेवलं होतं की सहभोजनाने जात मरत नाही. बाबासाहेबांचं म्हणणं असं, की अनेक जातींत एकत्र जेवण चालतं, तरी जातीची भावना मरत नाही. खरा इलाज आंतरजातीय लग्नांत आणि जातीला आधार देणाऱ्या शास्त्रांचा अधिकार नाकारण्यात आहे. आमच्या मिसळीच्या टेबलाकडे बघून मी हे नाकारू शकत नाही. पाच जणांतल्या चौघांची लग्नं पत्रिका आणि पोटजात बघूनच झाली आहेत. रोटी मोकळी झाली. बेटी अजून तिथेच आहे.

रोटी किती मोकळी झाली ते मेसमध्ये दिसतं. पुण्यात शिकायला आलेल्या कोणालाही मेसची भाषा शिकवावी लागत नाही. मेंबर म्हणजे महिन्याचे पैसे भरलेला, गेस्ट म्हणजे मेंबरने आणलेला, खाडा म्हणजे गावी गेल्याचे दिवस वजा करून घेणं, आणि फीस्ट म्हणजे रविवार दुपारची पुरी, श्रीखंड, मसालेभात. फीस्टच्या दिवशी रात्री मेस बंद. रविवारी रात्री पुण्यातली स्वस्त हॉटेलं पोरांनी भरून वाहतात त्याचं कारण हे एवढंच. मी होस्टेलला होते तेव्हा खाड्यावरून मावशींशी झालेली भांडणं मला परीक्षेच्या निकालांपेक्षा चांगली आठवतात. आमच्या टेबलावर लातूरची एक, धुळ्याची एक आणि सावंतवाडीची एक अशा तिघी असायच्या. आमटीत गूळ घालावा की नाही यावर आमचं तीन वर्षांत एकमत झालं नाही. सावंतवाडीची घरून सोलकढीसाठी आगळ आणायची, धुळ्याची कळण्याच्या भाकरीचं पीठ आणायची आणि मेसच्या मावशींना गळ घालून भाकरी करून घ्यायची. भूगोल मी तिथे शिकले.

एकत्र जेवण्याबद्दलची एक तक्रार मात्र खरी आहे: घोळक्यात जास्त खाल्लं जातं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन द कॅस्ट्रो यांनी लोकांना आपण काय, कधी आणि कोणाबरोबर खाल्लं याच्या नोंदी ठेवायला लावल्या होत्या. एकट्याने खाल्लेल्या जेवणापेक्षा चारचौघांतलं जेवण सुमारे 44 टक्क्यांनी मोठं निघालं. त्यांना दिसलेलं मुख्य कारण साधं आहे. माणसं एकत्र असली की जास्त वेळ बसतात, आणि समोर अन्न असेपर्यंत हात चालू राहतो. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतंच. न जेवणाऱ्या पोराला शेजारच्या पोरांबरोबर बसवायचं, त्याला अंगतपंगत म्हणायचं, की भाकरीला भाकरी लागते. शाळेत, गच्चीवर, भिशीला, कचेरीतल्या जेवणाच्या सुट्टीत, जिथे जो तो आपला डबा आणून मध्ये ठेवतो तिथे हा शब्द अजून जिवंत आहे. त्यात यजमान कोणीच नसतो, त्यामुळे आग्रहही नसतो आणि उपकारही नसतात. “आज काय आणलंस?” म्हणत दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा परवाना तेवढा असतो. कोल्हापुरात याच वृत्तीचं मोठं रूप म्हणजे रस्सा मंडळ. चार मित्र वर्गणी काढतात, शेतात नाहीतर नदीकाठी तीन दगडांवर पातेलं चढवतात, आणि तांबडा रस्सा उकळेपर्यंत गावाच्या राजकारणाचा निकाल लावतात. भांडी कोण घासणार यावर दरवेळी वाद होतो. रस्सा मंडळात अजूनही बायका फार दिसत नाहीत.

बायकांचं हे एकत्र खाणं सगळीकडेच उशिरा सुरू झालं. घरच्या पंगतीत त्या शेवटी, गार झालेल्या भाताला. हॉटेलात तर त्यांचा प्रश्नच येत नसे. नंतर आली ती फॅमिली रूम. हॉटेलाच्या मागच्या बाजूला लाकडी फळ्यांचे खण, एक मळकट पडदा, वर कुरकुरणारा पंखा. माझी आई पहिल्यांदा हॉटेलात गेली ती लग्नानंतर बाबांबरोबर, अशाच एका खणात. ती सांगते, डोसा आला तेव्हा पडदा थोडा सरकला, बाहेर गावातले कोणीतरी काका दिसले, आणि तिने घाईघाईने पदर डोक्यावर घेतला. डोशाची चव तिला आठवत नाही.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे पुण्याला आली होती. रविवारी मी तिला आमच्या टोळक्यात घेऊन गेले. आधी नको नको म्हणाली, तुम्हा मुलांमध्ये मी काय करू, वगैरे. दुकानात आत जागा नव्हती म्हणून आम्हाला बाहेर फुटपाथवरच टेबल मिळालं, अगदी रस्त्याला लागून. रिक्षा, सायकली, कुत्री सगळं शेजारून चाललेलं. मैत्रिणीने आपल्या ताटलीतला रस्सा तिच्या वाटीत ओतला. कोल्हापूरच्या मिसळीपुढे ही काहीच नाही, असं आईने पहिल्याच घासाला जाहीर केलं, आणि माझ्या चार मित्रांना कटात काय कमी आहे ते बराच वेळ समजावून सांगितलं. बिलाची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी फोन काढले. टी.टी.एम.एम. म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं: तुझं तू, माझं मी. तिला ते मुळीच पटलं नाही. मी मोठी आहे, पैसे मी देणार, म्हणत तिने पर्स उघडली, आणि तेवढ्यात तिचं लक्ष ताटलीत उरलेल्या रश्श्याकडे गेलं.

“अहो भाऊ,” तिने रस्त्यावरून आतल्या वेटरला हाक मारली, “एक पाव आणा हो. गरम असला तर दोन.”